पहिली रिंग आपली

प्रज्ञा,

शेठ सध्या माझ्यावर खूश आहे. तू गेल्यापासून ऑफिसात फोन वाजला की मी झडप घालून उचलते. रिंग पुरी होऊसुद्धा देत नाही. परवा नाशिकची एक पार्टी दचकलीच. ‘अहो मॅडम, इकडे अजून वाजायला पण लागला नव्हता,’ म्हणाला बिचारा. शेठने काचेच्या केबिनमधून मला अंगठा वर करून दाखवला. इतकी वर्षं तो आपल्या दोघींच्या डोक्यावर बसला होता, फोन पटकन उचला म्हणून. आता उचलला जातोय, तर शेजारी तुझी खुर्ची रिकामी. त्या खुर्चीवर कोणीतरी प्रिंटरच्या कागदांचे गठ्ठे ठेवले होते. मी उचलून खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वर होते. मग मी सोडून दिलं.

तुला जाऊन अजून महिना व्हायचाय. घरातलं कोणी गेलं तर सुट्टी मिळते, लोक भेटायला येतात, चहा-साखर घेऊन येतात. मैत्रीण गेली तर काय मिळतं ते मला आता कळलं. ‘ऑफिसातली मैत्रीण गेली’ असं सांगितलं की लोक ‘अरेरे’ म्हणतात आणि लगेच विचारतात, ‘मग आता तुझ्यावरच सगळा लोड आला असेल ना?’ मी हो म्हणते. खोटं काय त्यात? लोड आलाच आहे.

तुला आठवतं का, हे रिंगचं खूळ सुरू कसं झालं? आपलं ऑफिस तुर्भ्याचं, ट्रान्सपोर्टचं. तिथे कोणी काही चांगलं सांगायला फोन केलाय असं मला तरी आठवत नाही. माल वेळेवर पोचला तर कोण कशाला फोन करेल? गाडी घाटात बंद पडली, कागद चुकले, माल भिजला, ड्रायव्हर फोन उचलत नाही, असंच सगळं. आणि पलीकडचा माणूस ओरडूनच सुरुवात करणार. ‘मॅडम, गाडी किधर है? सुबह से बोल रहे हो, आ रही है, आ रही है!’ संध्याकाळपर्यंत आपण दोघी अशा होऊन जायचो की घरी कुकरची शिट्टी झाली तरी छातीत धस्स व्हायचं.

तुझं बीपी वाढलं ते त्याच काळात. डॉक्टरने गोळी दिली आणि वर सांगितलं, टेन्शन घेऊ नका. तू ऑफिसात येऊन म्हणालीस, ‘घेऊ नका म्हणे! जसं काही मी ते मार्केटातून पिशवीत घालून आणायलेय.’ आपण दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग तुझ्या कोपरखैरण्याच्या विहारात ध्यानाचं शिबिर होतं, तिथे तू गेलीस. परत आलीस तेव्हा मी मनाशी म्हटलं, आता ही मला उपदेश पाजणार. तू एक अक्षर बोलली नाहीस. फक्त फोन वाजला आणि तू नुसती बसून राहिलीस.

‘अगं, उचल की. बहिरी झालीस काय?’

तू हात वर केलास, थांब म्हणून. दुसरी रिंग झाली, मग उचललास. बोलून झाल्यावर मला म्हणालीस, ‘पहिली रिंग आपली. श्वास घ्यायचा, सोडायचा. दुसरी लोकांची. मग उचलायचा.’

शेठ बाहेर आला. ‘ये क्या नया नाटक है?’ त्याला तू अगदी शांतपणे सांगितलंस, ‘शेठ, दोन रिंगांत कोणी फोन ठेवत नाही.’ ते वाक्य हल्ली मला दिवसातून कितीदा तरी ऐकू येतं.

मी पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा श्वासबिस काही नाही, नुसता राग आत गेला आणि राग बाहेर आला. तुला तसं सांगितलं. तू फायलीतून डोकं वर न काढता म्हणालीस, ‘मग रागच बघ. त्याला कुठं पाठवायचंय?’ तुझं हे असं असायचं. मोठं काहीतरी सांगतेय असा आव नाही, बटाटे काय भाव दिले असं विचारावं तसं बोलायचीस.

मग डबा खाऊन झाल्यावर मागच्या स्टोअरमध्ये बसणं सुरू झालं. गुंडाळून ठेवलेल्या ताडपत्र्यांवर आपण दोघी, पाठ भिंतीला टेकून, डोळे मिटून. बाहेर ट्रक रिव्हर्स घेताना तो पी पी आवाज चालू. मी म्हणायचे, जरा हा आवाज थांबू दे, मग बसते. ‘आवाज थांबायची वाट बघितलीस तर रिटायर होशील,’ तू म्हणायचीस. मी बसायचे आणि हमखास झोपायचे. एकदा तर म्हणे एवढी घोरले की ड्रायव्हर बघायला आले, आत काय झालं म्हणून. ते तू सगळ्या ऑफिसला रंगवून सांगितलंस. वर मलाच म्हणालीस, ‘झोप लागली ना? मग टेन्शन गेलंच की. तू माझ्या पुढे गेलीस.’

आज एक गोष्ट जाणवते. दिवसभरात आपण सगळ्यात जवळ असायचो ते तिथे, त्या ताडपत्र्यांवर, आणि तेव्हाच दोघींचे डोळे मिटलेले असायचे. त्या वेळी तुझा चेहरा कसा दिसायचा ते मी कधी पाहिलंच नाही. आता मी एकटी स्टोअरमध्ये जात नाही. डबा टेबलावरच खाते, मोबाइल बघत.

आपलं भांडणही अर्धवट राहिलं. माझं म्हणणं साधं होतं. शेठ ओरडतो, तू श्वास बघतेस, म्हणून शेठ आणखी ओरडतो. तुझ्या श्वासावर त्याचा धंदा चाललाय. माणसं कमी ठेवायची, पगार वाढवायचा नाही, आणि इथे ह्या बाई नाकपुडीत वारा येतो का जातो ते बघत बसणार. ‘तू जरा कमी शांत झालीस ना, तर आपल्याला तिसरी मुलगी तरी मिळेल फोनवर,’ मी म्हणाले होते.

तू रागावली नाहीस, पण तुला लागलं होतं. पाणी प्यायलीस आणि मग म्हणालीस, ‘शेठ सुधरावा म्हणून मी बसत नाही, कांचन. शेठ माझ्या घरी येऊ नये म्हणून बसते. माणूस इथं केबिनमध्ये बसलेला असायचा आणि मी तिकडं घरी पोरीला भाकरी वाढताना त्याच्याशी भांडत असायचे. आता नाही येत तो.’

मी लगेच तोंड घातलं, ‘तुझं बरं आहे. माझ्याकडे आला तर तेवढीच सोबत.’

तू हसलीस, मीही हसले. पण तू माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलीस. घणसोलीच्या गावठाणात तीन मजली घर आहे आमचं. खाली भाडेकरू, मधे भाऊ-वहिनी आणि वर मी. लोकांना वाटतं, एवढं भरलेलं घर, हिला कसली काळजी? वहिनी चांगली आहे. रोज जिन्यातून हाक मारते, ‘ताय, जेवन वर आनू का?’ मी म्हणते, नको, केलंय. एवढंच आमचं बोलणं. आई असेपर्यंत वर दोघी होतो. तिच्यानंतर माझा दिवसभराचा आवाज सगळा ऑफिसातच खर्च व्हायचा आणि त्यातला बराचसा तुझ्याशी.

ते भांडण झालं त्या शनिवारनंतर तू दर रविवारी मला फोन करायला लागलीस. कारण काय, तर उद्या डब्यात काय आणू? सोमवारचा डबा रविवारी सकाळी विचारायचा! मी ओळखलं होतं. तुला तसं कधी बोलून दाखवलं नाही, इतकंच. दाखवलं असतं तर तू बंद केला असतास, तुझ्या मानी स्वभावाप्रमाणे, किंवा मी तरी.

आई गेली तेव्हाचंही सांगायचं राहिलं. तू आलीस, गर्दीत मागे बसलीस, मग उठून मोरीत भांडी घासायला लागलीस. वहिनी नको नको म्हणत होती. पुढे कितीतरी दिवस ऑफिसात तू माझे फोन घेतलेस आणि माझ्यापुढे श्वास हा शब्दसुद्धा काढला नाहीस. नंतर मी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंस, बस म्हणून?

‘तेव्हा सांगितलं असतं तर तू मला चपलेनं मारलं असतंस.’

‘मारलंच असतं. म्हणजे कबूल कर, शेठसाठी ठीक आहे तुझं हे ध्यान. टेन्शनला ठीक आहे. खरं दुःख आलं की काही उपयोग नाय त्याचा.’ रागात माझी गावची बोली बाहेर येते. तू त्यावरून मला चिडवायचीस. त्या दिवशी चिडवलं नाहीस.

तू म्हणालीस, ‘तसं नाही गं. दुःखाचं कसं असतं...’ आणि फोन वाजला. तू एक रिंग जाऊ दिलीस, मग उचललास. चाकणचा माल होता, भलतीकडेच उतरवलेला. संध्याकाळपर्यंत तेच चाललं. दुःखाचं कसं असतं ते राहून गेलं. आणि आता हा पेपर मला एकटीला सोडवायला देऊन तू मोकळी झालीस. मला तुझा राग येतो. येतो म्हणजे अजूनही येतो, रोज येतो.

आता त्या शेवटच्या रविवारचं. मी भाकरी करत होते. हाताला पीठ होतं. फोन फ्रिजवर होता. तो वाजला, तुझं नाव दिसलं. मी सवयीने थांबले. पहिली रिंग आपली. एव्हाना ते माझ्याही अंगात इतकं मुरलं होतं की तुझ्या फोनलासुद्धा मी तसंच करायचे, आणि तुला ते माहीत होतं. तू कधी घाई करायची नाहीस. दुसरी रिंग सुरू झाली, मी हात पदराला पुसून पुढे केला आणि आवाज थांबला.

मला वाटलं, चुकून लागला असेल. मी उलटा फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला. अस्मिताने उचलला. तुझ्या लेकीचा आवाज मी इतकी वर्षं ऐकतेय, पण मला तो ओळखता आला नाही. ‘मावशी, आई पडलीये. काही बोलत नाहीये. रिक्षा बोलावलीये.’ मी हॉस्पिटलात पोचले तोवर डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेलेही होते. सगळं फार पटकन झालं, म्हणाले, काही करता आलं नसतं.

काही करता आलं नसतं, हे मी ऐकलं. पण ऐकता तरी आलं असतं. एवढाच माझा हिशोब आहे आणि तो काही केल्या सुटत नाही. तू मला फोन केलास आणि मी फोनसमोर उभी राहून श्वास घेत होते, तो श्वासही तूच शिकवलेला. ह्याला काय म्हणायचं? कोणाला सांगायची सोय नाही. सांगितलं तर म्हणतील, एका रिंगने काय होतं? बरोबरच आहे. एका रिंगने काही होत नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी विहारात गेले. तुमच्या परभणीकडची माणसं आली होती, पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली. माणसं तुझ्याबद्दल बोलली. चांगलं बोलली, पण ती सगळी वहिनी, काकी, आत्या अशा कोणा ना कोणाबद्दल बोलत होती. मला कोणी बोलायला सांगितलं नाही, आणि का सांगावं? मग भन्तेजींनी सगळ्यांना थोडा वेळ डोळे मिटून शांत बसायला सांगितलं. मी मिटले. जमेना. श्वास आत घेतला की ती रिंगच ऐकू यायची. मी डोळे उघडले. सगळा विहार डोळे मिटून बसलेला, आणि समोर अस्मिता डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती.

जेवणं झाल्यावर तिने मला बाहेर जिन्याशी गाठलं.

‘मावशी, एक विचारू? रागवू नका.’

‘विचार ना गं.’

‘आई तुम्हाला काय म्हणाली?’ मला कळेना. ती म्हणाली, ‘शेवटचा फोन तुम्हाला आहे. मोबाइलमध्ये वर तुमचंच नाव आहे. मग तुमचा परत आला, तेव्हा मला वाटलं मधेच कट झाला म्हणून तुम्ही केलात. काय म्हणाली ती?’

प्रज्ञा, तुला खरं सांगते, उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. ‘अस्मिताला सांभाळ, म्हणाली.’ एवढं म्हटलं असतं तर पोरीला आयुष्यभराचा आधार झाला असता. आणि मला काय मिळालं असतं माहितेय? मी कोणीतरी झाले असते. तू जिच्याशी शेवटचं बोललीस ती. तुझ्या काकी-आत्यांनी मला पुढे बसवलं असतं. चहा-साखर घेऊन कोणी माझ्याकडेही आलं असतं. मला ते हवं होतं, अगदी पोटातून हवं होतं.

मी लगेच काही बोलले नाही. मुद्दाम नाही, आपोआपच. एक श्वास आत गेला, बाहेर आला. त्या तेवढ्या वेळात मला माझं ते हवं असणं इतकं लख्ख दिसलं की मग ते वाक्य तोंडातून निघेना. तेव्हा तुझा अर्धा मुद्दा मी मान्य करते. अर्धाच. दुःख एवढंसंही कमी झालं नव्हतं.

मी म्हटलं, ‘बोलणं झालंच नाही, बाळा. दुसऱ्या रिंगला मी उचलणार होते, तोवर बंद झाला.’ आणि मग ती दोन रिंगांची आपली सवय तिला सांगितली. तिला माहीत होती. तू घरी पण तेच करायचीस म्हणे, दारावरच्या बेलला सुद्धा, आणि दूधवाला वैतागायचा.

मला वाटलं, आता ही मला बोलेल. तर ती पायरीवर बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागली.

‘म्हणजे ती तुमच्याशी नाहीच बोलली?’

‘नाही गं.’

‘मी आतल्या खोलीत होते, मावशी. दार उघडं होतं. मला वाटायचं, तिने मला हाक मारली नाही, तुम्हाला फोन केला. असं काय होतं जे तिला तुम्हाला सांगायचं होतं आणि मला नाही? रोज तेच डोक्यात. तुमचा राग पण यायला लागला होता मला.’

मी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, रविवारी तिचा फोन डब्यासाठी असायचा. तोही तसाच असेल. आणि मग विचारलं, ‘त्या दिवशी तुला शेवटचं काय म्हणाली?’

ती रडता रडता हसली. ‘केस बांध, म्हणाली. भुतासारखी फिरू नको घरात.’

‘मग तेच तिचं शेवटचं. ते तुझं आहे.’

तिने मान हलवली. नाक पुसलं. आणि खरंच, तिथेच पायरीवर बसून तिने केस बांधले. आतून कोणीतरी तिला हाक मारली, ती गेली. मी चपला घातल्या आणि घरी आले.

येताना मात्र मला फार एकटं वाटलं. आई गेली तेव्हा सोबतीला रडायला भाऊ तरी होता. त्या पायरीवर होतं नव्हतं ते सगळं मी देऊन टाकलं होतं. त्या फोनमधून काहीतरी माझ्यासाठी होतं, फक्त माझ्यासाठी, ही एक वेडी आशा मी इतके दिवस कवटाळून होते. ती पोरीला देणं बरोबर होतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, बरं केलंस. पण बरं केलं म्हणून बरं वाटतंच असं नाही. हे तुझ्या शिबिरात शिकवलं होतं का?

आता रात्रीचं जेवण झालं की मी थोडा वेळ बसते. ताडपत्री नाही, पलंगावरच. शांत वाटतं म्हणून नाही, वाटतच नाही. दहा श्वासांत तू, शेठ, वहिनी, पाण्याची मोटर, पुन्हा तू. पण मागच्या आठवड्यात अशी बसलेली असताना मला त्या रविवारची एक गोष्ट दिसली. इतके दिवस नुसती ती रिंग बंद झालेलीच ऐकू येत होती, त्याच्या आधीचं काही आठवतच नव्हतं.

सकाळपासून माझ्याशी कोणी एक शब्द बोललं नव्हतं. तव्यावर भाकरी होती. फोन वाजला, तुझं नाव दिसलं, आणि मी एकटीच त्या स्वयंपाकघरात हसले. मनात म्हटलं, आली बाई. तू ‘काय करायलीस?’ म्हणणार, मी तुझ्या ‘करायलीस’ला हसणार, हे सगळं मला आधीच ऐकू आलं. ती पहिली रिंग मी तशीच उभी होते, तुझ्या नावाकडे बघत. तेव्हा तू होतीस की नव्हतीस, मला माहीत नाही. पण तुझा फोन वाजला, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, प्रज्ञा. एवढं तुला कळायला हवं होतं.